वानोळ्यानं वाचवलेली गाजरं

राळेगाव, माघ, १९६२

रा. रा. बाबारावजी यांस मारोतरावाचा रामराम. उमरखेडची हवा आपल्या गुडघ्यांना मानवत असेल आणि घरची सर्व मंडळी (परवा आलेली धरून) खुशाल असेल. मीही मजेत. डोक्यावर टोपली घेऊन बाजारोबाजार भाजी विकलेल्या तुमच्या घरच्या या जावयाचं नाव आता संशोधन केंद्राच्या साहेबाच्या तोंडी आहे!

त्याचं असं झालं. लेकरांना रातांधळं होऊ नये म्हणून केंद्रानं आमच्या मळ्यात सुधारित गाजराचा वाफा लावला होता. पीक चांगलं उतरलं तर पुढल्या साली बियाणं आणि पाण्याचं इंजिन आमच्या गावाला, नाहीतर दुसऱ्याला. साहेब तराजू घेऊन जीपमधून उतरले, तर वाफ्यात नुसती माती. तुमच्या बहिणीनं, मथुरेनं, सगळं गाजर उपटून गावभर वानोळा वाटलेला. (नवं पीक आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, ही आपली रीत, ती तराजूला कुठून कळावी?) साहेब लाल. म्हणाले, "मारोतराव, आता काय माती तोलू?"

पण माझे कान बाजारात तयार झालेले. विहिरीपाशी साहेब ड्रायव्हरजवळ कुरकुरत होते की बाकीच्या गावांत गाजर मणानं निघालं, पण लोकांनी ते बैलांना चारलं. आता वर काय कळवू, बैलांची नजर सुधारली म्हणून? झालं! साहेबांना धरून मी थेट रुखमाबाईच्या ओसरीवर नेलं.

"गाजर खाल्लं का, बाई?"

"खाल्लं नाही तं काय! वानोळा कोणी ढोराले घालते काय? पाप लागन."

पुढल्या घरी नागोराव बुढा साहेबांकडेच गाऱ्हाणं घेऊन आला, "सून दुसऱ्यांदा वाढून नाही राह्यली सायेब, तुमीच सांगा तिले." घरोघर हेच. साहेबांनी तराजू जीपमध्ये टाकला आणि पारावर उभं राहून सांगितलं, इंजिन याच गावाला! काय टाळ्या पडल्या म्हणता, बाबारावजी! मी फेटा सारखा केला.

ता. क. शनिवारी केंद्राच्या बाई येत आहेत. लोकांना गोड लागेल असं गाजर आमच्या घरी रांधतात कसं, हे पाहूनच त्या इंजिनाच्या कागदावर सही करणार.

आणखी ता. क. ही वानोळ्याची युक्ती कोणाची, असं साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून 'माझीच' निघालं, आणि मथुरा दाराआड होती. (रिकामा वाफा पाहून सकाळी तिच्यावर ओरडणाराही मीच होतो, हे तिच्या नेमकं ध्यानात राहिलं.) तिचा रुसवा काढून तिला शुक्रवारच्या एसटीत बसवून द्या. शनिवारी बाईंपुढे, अख्ख्या गावादेखत, युक्ती मथुरेची होती असं मी सांगणार आहे. एवढी ओळ तिला मोठ्यानं वाचून दाखवा. बाकीचं पत्र नको.

आपला,
मारोतराव