ओलीवर दिलेला हात

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे नव्या घरात! खोल्या दोनच, पण ऊन भरपूर. लेकीने रांगत रांगत सगळी पाहणी केली आणि मागच्या खोलीत फरशीवरच झोपून ती आपली असल्याचं जाहीर केलं. मी रंगारी, त्यामुळे बायकोची थट्टा सुरूच. म्हणाली, लोकांच्या भिंती चकाचक करता, आता आपलीही एखादी दिसू दे. हसून पोट दुखलं.

६ नोव्हेंबर
लेकीच्या पाळण्यामागे, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर बुरशी धरलीय. काळी, तळहाताएवढी. गिऱ्हाइकांना मी दटावून सांगतो की आधी ओल कुठून येते ते शोधा, भिंत खरवडा, वाळू द्या, मगच रंग. आणि स्वतः काय केलं? बायको बाजारात गेली तेवढ्यात वरून रंगाचे दोन हात मारून मोकळा झालो. घर मीच पसंत केलेलं, भिंतींवर टिचक्या मारून, मोठ्या ऐटीत. ओलीचं नाव नाही, असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगू?

११ नोव्हेंबर
लेकीला खोकला, छातीत घरघर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात ओल, बुरशी काही आहे का. बायको म्हणाली, छे, हे रंगारी आहेत, यांच्या नजरेतून सुटेल का. मी नुसती मान डोलावली. बायकोकडे बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
घरी येऊन बघतो तर डाग पुन्हा वर आलेला, पहिल्यापेक्षा मोठा. पुन्हा हात दिला.

१५ नोव्हेंबर
लेकीला धाप लागते. एक्स-रे काढला. फुप्फुसावर पांढरा पट्टा आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, कफ साठलाय. मला त्यात ब्रशचे फटकारे दिसले. उजवीकडून डावीकडे ओढलेले, शेवटी जरा वर उचललेले. मी डावखुरा आहे. माझा हात मी ओळखतो.

१६ नोव्हेंबर
पाळण्यामागचा थोडा रंग खरवडून पाहिला. लेकीने लगेच खोल श्वास घेतला. बायकोची चाहूल लागली म्हणून घाईघाईने तिथे परत ब्रश फिरवला, तर— श्वास अडकला. ओठ निळे. मी ओला रंग बोटांनीच ओरबाडला. मग रडली. रडली म्हणजे श्वास आला.
बायकोने विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो. पाळणा भिंतीला टेकवून ठेवला.
उद्या कामावरून लवकर येऊन सगळी भिंत खरवडतो. आणि तिला सांगतो. आज तोंडच उघडेना.

१७ नोव्हेंबर
बसमध्ये. बस हलत नाही.
बायकोचा फोन आला होता. मेहुणी घर बघायला येणार, म्हणून तिने झाडायला पाळणा सरकवला. डाग दिसला. रागावली नाही. उलट म्हणाली, तुमच्या नजरेतून सुटला म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, तर तुम्ही यायच्या आत मीच— डब्यात उरलेल्या रंगाचा— सगळ्या भिंतीला एक हात—
म्हणाली, बघा, खोकला अगदी थांबलाय. किती शांत पडलीय.
मी ओरडलो, खरवड, आधी खरवड— लोक बघायला लागले— तिने विचारलं, का पण, झालं काय— आणि मी, अजूनही, का ते—