एकट्याचा राष्ट्रीय संघ

३ फेब्रुवारी
आंतरराष्ट्रीय बोल्डरिंग स्पर्धेसाठी माझी निवड पक्की. चाचणीला आम्ही दोघंच होतो आणि दुसऱ्याचं बोट मुरगळलं, पण निवड ती निवडच. उपांत्य फेरी गाठली तर फेडरेशन मला कायमचं राष्ट्रीय संघात घेणार: कोच, फिजिओ, सरावाला हॉल. सेक्रेटरींनी स्वतः फोनवर सांगितलं. गाठणारच. उद्यापासून पहाटे उठणे.

४ फेब्रुवारी
उशिरा उठलो. विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे.
संध्याकाळी भावोजींना बोल्डरिंग समजावलं. बुटक्या भिंतीवर दोर न लावता चढायचं, खाली गाद्या, प्रत्येक भिंतीवर पकडींचं वेगळं कोडं. ते कोडं कुणी आधी पाहू नये म्हणून खेळाडूंना बंद खोलीत ठेवतात. भावोजी म्हणाले, आमच्याकडे पाली हे फुकटात करतात. ताई हसली. माझ्या बाजूनं हसली असावी.
शेवटी ठरलं, या वेळी जमलं नाही तर कुरकुर न करता त्यांच्या टायरच्या दुकानात बसायचं. लगेच हो म्हटलं. तशी वेळ येणारच नाही.

१२ फेब्रुवारी
फेडरेशनचं ऑफिस जिन्याखाली आहे. दोन खुर्च्या, एकीवर पंखा. मी उभा. माझ्याबरोबर कोच कोण येणार, असं विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, कोच संघाला असतो, तू तर एकटा. कोचशिवाय संघ घेत नाहीत हा स्पर्धेचा नियम मी दाखवला. पान दुमडूनच नेलं होतं. त्यांनी पान पाहिलं, मग मला पाहिलं. म्हणाले, मग टाक की तुझंच नाव, कोण बघतंय.
घरी येईपर्यंत पटलं. मला माझ्याइतकं ओळखणारा कोच मिळणार कुठे?

२० फेब्रुवारी
कोच या नात्यानं खेळाडूसाठी वेळापत्रक आखलं. चार रंगांत. शुद्धलेखन दोनदा तपासलं. त्यातच संध्याकाळ गेली. सराव उद्यापासून.

२ मार्च
गोदामातून रजा मिळाली. मालक म्हणाले, जा बाबा, लेबलं काय कुणीही चिकटवेल. मनाचा मोठेपणा.
बोटांची सालं निघाली आहेत. फिजिओ असता तर काय म्हणाला असता? विश्रांती घे. घेतली.

९ मार्च, परदेशात
पोहोचलो. इतर संघ एकसारख्या जॅकेटांत. त्यांच्या फिजिओंच्या बॅगा माझ्या सगळ्या सामानाहून मोठ्या. मला दोन कार्डं मिळाली, एक कोचचं, एक खेळाडूचं. दोन्ही गळ्यात घातली. संघ भरल्यासारखा वाटला.

१० मार्च, सकाळ
जरा अडचण. स्पर्धेआधी सगळ्या कोचनी हॉलमध्ये हजर राहणं सक्तीचं, नाहीतर संघ बाद. आणि हॉलमध्ये भिंती उघड्या. गेलो, पण निव्वळ कोच म्हणून. मान खाली घालून उभा होतो. मग आयोजकांनी वर बोट दाखवलं, सगळ्यांनी वर पाहिलं. एकट्यानं बूट बघत राहणं उद्धट दिसलं असतं. तिसऱ्या भिंतीवरची पिवळी पकड दिसली. डाव्या हाताची आहे. पण ती नजर कोचची होती. खेळाडूला मी काही कळू देणार नाही. ‘भिंती पाहिल्या’ असं छापलेल्या कागदावर सही केली. वळणदार आली.

त्याच दिवशी, दुपारी
बंद खोलीच्या दारातल्या बाईंनी माझी दोन्ही कार्डं पाहिली, मग सहीचा कागद काढला. म्हणाल्या, भिंत पाहिलेल्याला आत सोडता येत नाही, आणि आत नसलेल्याला चढता येत नाही. मी म्हटलं, भिंत कोचनं पाहिली आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, तुमचं आणि कोचचं बोलणं होतं का? मी म्हटलं, कामापुरतंच. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, तुमच्या संघातल्या मोठ्या कुणाला तरी बोलवा.
सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, मी जेवतोय, कोचला बोलू दे. ठेवला.
बाकीचे एकेक करून चढले. मी कोचच्या खुर्चीवरून पाहिलं. ती जागा माझ्या नावानं राखून ठेवली होती, हे मान्य केलं पाहिजे. पिवळी पकड उजव्या हाताची निघाली.

१३ मार्च
घरी. आईनं विचारलं, पडलास का रे फार? म्हटलं, नाही, पडायची वेळच आली नाही. तिला बरं वाटलं. भावोजींनी नुसती दुकानाची किल्ली पुढे केली. त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं.

२१ मार्च, टायरचं दुकान
गिऱ्हाईक नसताना सेक्रेटरींचा फोन आला. खेळाडू भिंतीपर्यंत गेलाच नाही, म्हणून त्याचं नाव कापलं म्हणाले. कोचबद्दल मात्र आयोजकांनी छान कळवलंय: वेळेवर आला, सही केली, वाद घातला नाही. असाच माणूस संघाला हवा होता रे, म्हणाले. पुढच्या वर्षी नवीन पोरं देतो, तू सांभाळ. मी विचारलं, आणि माझं काय? ते म्हणाले, अरे, तुझंच तर सांगतोय.
कोचच्या वतीनं होकार कळवला. खेळाडूला अजून सांगितलेलं नाही.