ओवलेल्या सुया

१ नोव्हेंबर, शनिवार
स्वराली आली. बारामतीच्या होस्टेलवरून दर शनिवारी एसटीनं कळसच्या फाट्यावर उतरते नि चालत घरी येते. तरुणपणी मेंढरं राखली, तेव्हापासून चालीवरून ओळखायची सवय. चप्पल घासत आली की समजावं, नात आली. बापाची चाल उचललीय.

घरात शिरली तरी तोंडाला स्कार्फ. मनिषानं, तिच्या आईनं, पाणी दिलं ते पण तसंच खालून प्याली म्हणे. माझ्या खोलीत आली, दार लोटलं आणि मग सोडला. म्हणाली, "हितं बरं वाटतं आज्जी. तुला दिसतच न्हाय."

हसली. मी पण हसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. समोरचं माणूस म्हणजे ताकातलं लोणी – आहे एवढं कळतं, नाकडोळे कळत नाहीत. ही वही पण स्केचपेननं बोटभर अक्षरांत लिहिते.

तिनं वाकळेसाठी सुया ओवून उशीत टोचून ठेवल्या. आठवडाभर पुरतात. टाके हाताला कळतात, सुईचं भोक तेवढं कळत नाही. मग मी तिच्या डोक्याला तेल लावलं. आठवड्यातली माझी हीच दिवाळी.

४ नोव्हेंबर
खरी दिवाळी मात्र वाया गेली. आक्काबाई, माझी चुलत जाऊ, भरल्या पंगतीत म्हणाली, "पोरीच्या तोंडावर डाळिंबावानी तेल्या पडलाय की गं. फवारणी घ्या एखादी." सगळे हसले. तेल्या रोगाचे डाग पडलेलं डाळिंब बाजारात कोण घेतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोर ताटावरून उठली. त्या दिवसापासून स्कार्फ.

आक्काबाईला उत्तर द्यायला हवं होतं. मला ते तिसऱ्या दिवशी सुचलं – "आधी तुझ्या जिभंवर फवार." तेव्हा समोर नुसती म्हैस होती.

८ नोव्हेंबर, शनिवार
दादासोनं, माझ्या लेकानं, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आणली. मला कोण आनंद. मला स्वराली नीट दिसली ती आठवीत असताना, दोन वेण्या, पुढचा दात थोडा तिरका. आता अकरावीला आहे. कशी दिसत असेल?

तिला सांगितलं. "चांगलंय," म्हणाली. पलंगावर हात फिरवल्याचा आवाज आला. स्कार्फ शोधत होती. तेल लावताना गाठ बोटांना लागली.

ती गेल्यावर दादासोला म्हटलं, "आत्ता नको. थंडी सरू दे."
"आये, थंडीचा अन् डोळ्याचा काय संबंध?"
"म्हाताऱ्या माणसाला असतो."

तारीख पुढं गेली. बघायला मिळावं म्हणून जीव तुटतो, आणि मी बघायला लागले की ही तोंड झाकणार. न बघता ती उघडी बसते तेच बरं. ओंजळीत आहे ते सांडू नये.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मनिषा तिला बारामतीत कातडीच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. बरंच झालं. मैत्रिणीची कसली तरी गोरं व्हायची ट्यूब लावत होती. आठवडाभर गाल गुळगुळीत, मग लाल नि आग आग. डॉक्टरीणबाई रागावल्या. त्यात स्टेरॉईड होतं म्हणे.

स्वरालीनं मला सगळं धड्यासारखं म्हणून दाखवलं. "पुटकुळ्या फोडायच्या न्हाईत. दोनदा साध्या फेसवॉशनं धुवायचं, घासायचं न्हाय. लिंबू न्हाय, टूथपेस्ट न्हाय. रात्री हे मलम, वाटाण्याएवढं, सगळ्या तोंडाला. फरक पडायला दोन-तीन महिने."
म्हटलं, "आपण उसाला दीड वर्ष थांबतो बाय, तुझं तर मेथीचं पीक."
हसली. मग हळूच म्हणाली, "आज्जी, डोक्याचं तेल कपाळावर उतरतं. त्यानं वाढतात. बंद सांगितलंय."
माझी बोटं तेव्हा तेलाच्या वाटीत होती. पदराला पुसली.

१७ नोव्हेंबर
वाटी कोनाड्यात तशीच. तेल थिजलंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार
दादासोनं तिच्याजवळ माझी चुगली केली. स्वरालीनं आल्या आल्या विचारलं, "ऑपरेशन माझ्यामुळं नको म्हणालीस?"
"तुझ्यामुळं कशाला? मला भ्या वाटतं."
"तू? सापाला काठीनं उचलून टाकतीस तू."
मग तीच म्हणाली, "कर आज्जी." आज सुया जास्तीच्या ओवून गेली.

२ डिसेंबर
ऑपरेशन झालं, आज उजव्या डोळ्याची पट्टी काढली. मनिषाचे केस किती पांढरे झालेत, कुणी सांगितलंच नाही. भिंतीला पोपटी रंग दिलाय, मी आजवर तिला पांढरी समजत होते. घर नवं वाटतंय. एक माणूस तेवढं बघायचं राहिलंय.

ठरवलंय. तिला सांगायचं, अजून धुकंच आहे.

६ डिसेंबर, शनिवार
सांगितलं. काळ्या चष्म्यामागून. तिनं नीट विचारलं, "कायच दिसत न्हाय?" मी मान हलवली. तिनं स्कार्फ सोडला.

बघितलं मी. गालांवर लाल उंचवटे, काही सुकलेले, हनुवटीपाशी नखानं उकरलेली खपली, कपाळावर बारीक पुरळ. आणि त्याच्यात डोळे – किती मोठे, किती दमलेले. तिरका दात तसाच आहे. बाकी दोन वेण्यांची पोर गेली. ती कधी गेली ते मला कळलंच नाही. ही दुसरीच, मोठी.

गालाला हात लावावा वाटला. आंधळ्या माणसाचा हात बरोबर गालावर कसा जाईल? मांडीवरच ठेवला.
"आता कसं हाय गं?"
"थोडं कमी हाय," म्हणाली. आरशाला सांगावं तसं.

१० डिसेंबर
आज सुई ओवली. माझी मी. वाकळेच्या सुईचं भोक मोठं, तरी दोनदा चुकला दोरा, तिसऱ्यांदा गेला. मनिषाला हाक मारून दाखवली. चार सुया ओवून टाकल्या हौसेनं.

१३ डिसेंबर, शनिवार
स्वराली आली तेव्हा मी वाकळ घेऊन बसले होते. तिचं लक्ष उशीकडे गेलं. "ह्या कुणी ओवल्या?" हातातली सुई हातातच राहिली. मनिषाचं नाव सांगावं, तर मनिषा दारात उभी, हसत. स्वरालीनं सुयांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग हनुवटीखालची गाठ सोडली, स्कार्फ घडी करून माझ्या मांडीवर ठेवला, आणि खिडकीकडं, उजेडाला तोंड करून बसली.
"बघ आता नीट," म्हणाली.