नवमीला लेथ चालत नाही

हूटगळ्ळी, म्हैसूर
कार्तिक शुद्ध दशमी

तीर्थस्वरूप नागोजीराव दाजींच्या पायांशी वेंकोजीचा दंडवत, आणि अक्काला तिच्या धाकट्या भावाचा नमस्कार (तिला हे पत्र मात्र दाखवू नका). तुमचा गुडघा कसा आहे? आमची तुळसी म्हणते, दुकानात दिवसभर उकिडवं बसणं सोडा, अर्धं दुखणं पळेल. इकडे सगळे खुशाल. माझं बी.पी. तेवढं वर चढलं आहे, त्याचीच हकीकत लिहायला बसलो आहे. फोनवर बोललो असतो, पण तुमचा फोन अक्का उचलते आणि संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या भावकीत पोचते.

तर दाजी, आमच्या प्रशिक्षण केंद्राचा टर्नर विभाग बंद करायचं मॅनेजमेंटनं वैशाखातच ठरवलं होतं. लेथवर लोखंड कातायला आता कोण येतं, असं त्यांचं म्हणणं. त्या जागी मोबाइल दुरुस्ती! सत्तावीस वर्षं मी इथे निदेशक, आणि मला हजेरीच्या टेबलावर बसवणार. अय्यो, त्यापेक्षा गावी जाऊन म्हशी राखीन. आशा एकच होती. परदेशाशी कारागिरीची देवाणघेवाण करायला पैसे देणारा एक निधी आहे. तो मिळाला तर आमची चार मुलं आणि एक मास्तर (दुसरा आहे कोण?) तीन महिने ऑस्ट्रियाला, आणि विभाग निदान पाच वर्षं शाबूत. निधीच्या नियमांचं पुस्तक अडतीस पानी. त्यात विमान, हॉटेल, स्वागताचे हार, ‘सांस्कृतिक भोजन’, सगळ्याला पैसे आहेत. यंत्रसामग्रीपुढे मात्र ‘लागू नाही’. (लेथवर शिकवायला परदेशी न्यायचं, पण लेथला छदाम नाही. याला काय म्हणावं?) आमच्या यादीत पहिलं नाव बन्नूरच्या सुप्रीताचं. पोरगी केसाएवढा फरक बोटानं ओळखते, आणि आजवर बसनं म्हैसूरच्या पलीकडे गेलेली नाही. तिच्यासाठी तरी हा निधी मिळायलाच हवा होता, हे छातीवर हात ठेवून सांगतो.

तपासणीला दोघं येणार होते, ऑस्ट्रियाच्या एक बाई आणि दिल्लीचे एक साहेब. शंभरातले चाळीस गुण ‘प्रत्यक्ष काम’ या एकाच गोष्टीला. आणि आमचे प्राचार्य वादिराज यांनी दिवस कुठला धरावा? महानवमीचा! त्यांना वाटलं, पाहुण्यांना दसऱ्याची रोषणाई दिसेल, हत्ती दिसतील, पाहुणे खूश होतील. आपली खंडेनवमी तीच इथली आयुधपूजा. तुमच्या दुकानात कसं करता ठाऊक नाही, पण माझ्या विभागात एकदा हत्याराला गंधफूल वाहिलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत ते हलत नाही. मी त्या दिवशी पेन्सिलीला टोकसुद्धा करू देत नाही.

सकाळी सातलाच पूजा उरकली. दोन्ही लेथना केळीचे खुंट बांधले, शेवंतीचे हार घातले, दारात कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. दहाला पाहुणे आले. बाईंनी न सांगता बूट काढले (दिल्लीचे साहेब बुटांसकट आत). इथवर ठीक. मग साहेबांनी घड्याळ बघत फर्मावलं, चला, मुलांना काम करताना दाखवा, आमचं संध्याकाळी विमान आहे. दाजी, मी मुलांकडे पाहिलं. आठ मुलं रांगेत उभी, एकाचाही हात हलेना. हलणार कसा, मीच शिकवलेलं ते! परसाल एकानं नवमीला नुसती कानस उचलली तर त्याला दिवसभर बाहेर उभं केलं होतं. वादिराज घामाघूम. माझ्या कानाशी ‘मेष्ट्रे, एनादरू माडी, मास्तर, काहीतरी करा हो’ एवढंच पुटपुटत होते. मी माझ्या इंग्रजीत (तुम्हाला ठाऊकच आहे ते) समजावलं की आज हत्यारं देवाच्या जागी आहेत. साहेब म्हणाले, मग चाळीसपैकी शून्य लिहू का? आणि खरंच पेन काढलं की हो त्यांनी! सुप्रीताचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात बाईंनी मधला मार्ग काढला. मुलांना राहू द्या, हत्यारंही राहू द्या, नुसतं यंत्र मिनिटभर सुरू करा, आवाज ऐकला तरी पुरे. वादिराज आनंदानं स्विचकडे धावलेच. त्या घटकेला माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी हात पसरून स्विचपुढे आडवा झालो आणि ओरडलो, आधी मला इथून उचला, मग बटण दाबा! वादिराज दचकून मागे सरले, साहेब भडकले, धक्क्यानं सुटलेला हार माझ्या गळ्यात पडला.   मनातल्या मनात चामुंडीचा धावा केला, पण सगळं संपलं असंच वाटत होतं.

आणि पुढे आली सुप्रीता. दोन्ही हात पाठीमागे बांधून तिनं कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली. चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, लोखंड कसं धरायचं, आटे पाडताना हत्यार कसं लावायचं, धार गेली की लोखंडाचा आवाज कसा बदलतो. वादिराज अडखळत भाषांतर करत होते. बाई प्रश्नावर प्रश्न टाकत गेल्या, पोरगी एकदाही अडली नाही. पाऊण तास! शेवटी बाईंनी साहेबांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि गुण स्वतः भरले. परवा पत्र आलं, निधी मंजूर. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तुळसीनं केसरीभात केला.

घरातल्या थोरांपुढे माझी मान लवलेली आहे, लहानांचे गाल माझ्या वतीनं ओढा.

आपला,
वेंकोजी

ता. क. : पहिल्या लेथची मोटार ज्येष्ठातच जळाली आहे. दुसऱ्या लेथला मोटारच नाही. कळवलं असतं तर विभाग त्याच दिवशी बंद, म्हणून फक्त मला आणि त्या आठ मुलांना ठाऊक. (वादिराज वर्कशॉपात वर्षातून एकदा येतात, पूजेच्या चुरमुऱ्यांना.) नवमीचा दिवस त्यांना मीच सुचवला, हत्तींचं आमिष दाखवून. चामुंडीची क्षमा वेगळी मागितली आहे.

पुन्हा ता. क. : देवाणघेवाणीत पहिली फेरी त्यांची असते, हे मंजुरीपत्राच्या मागच्या पानावर होतं. पाच आठवड्यांनी ऑस्ट्रियाची चार मुलं इथे येणार, आमच्या लेथवर शिकायला. तेव्हा कुठली नवमी आणू? वादिराजांना ‘ग्रीस भरायला नेतो’ म्हणून सांगून मोटार बाहेर काढली. ज्या गोणपाटात हे पत्र मिळालं त्यातच ती आहे. तुमचं दुकानच जळालेल्या मोटारींत नव्यानं तारा भरायचं, मी आणखी कुणाच्या दारात जाऊ?

आणखी एक : गोणपाटात चिंधीत बांधलेला एक बोल्ट आहे. मोटार जळाल्यापासून मुलं चक हातानं फिरवून काम करतात, दोघं फिरवतात, एक हत्यार धरतो. या बोल्टचे आटे सुप्रीतानं तसेच पाडले, दोन दिवस लागले. त्यावरचा नट बोटानं फिरवून बघा, आणि मग मोटार कधी देता ते कळवा.