तीन नंबरचं हिरवं जाळं

२ नोव्हेंबर, रविवार

पाणी गढूळ. पाण्याखालचा ड्रोन माशांच्या तीन नंबरच्या पिंजऱ्यात उतरवला आणि अकरा मीटरवर जाळ्यात अडकला. पडद्यावर नुसता अंधार. पंखे उलटे फिरवले, बोटीवरून केबल ओढली — सुटला!

मान वर केली तर हुसैनमियाँ माझ्याकडेच बघत होते. आमचे पाणबुडे. पिंजऱ्यांची जाळी तेच शिवतात.

"निघाला काय, बाय?"

निघाला म्हटलं.

नोंद केली नाही. अडकल्याची नोंद केली की पाणबुड्याला खाली पाठवून जाळं तपासावं लागतं. आणि पाणबुड्याशिवाय भागतं, हे दाखवायलाच तर मला इथे आणलंय.

५ नोव्हेंबर

तीन नंबरमधले मासे कमी झालेत. टाकलेलं खाद्य तसंच तळाला जातंय.

६ नोव्हेंबर

भोक सापडलं. अकरा मीटर खोल. हातभर लांब, कड सरळ.

रविवारी मी पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला होते. बहुतेक.

जयप्रकाशने चित्रफीत तीनदा पाहिली. तो मॅनेजर, पाणबुडे ठेवायचे की नाही, हे महिनाअखेरीस तोच ठरवणार. "अश्लेषा, हे फाटलेलं नाही. कापलंय. पाण्याखाली चाकू कोण नेतो?"

एकटे हुसैनमियाँ.

"तुझ्या ड्रोनला काही दिसत नाही, हे दाखवायचं होतं त्याला. लिही रिपोर्टमध्ये."

मी पडदा बंद केला.

८ नोव्हेंबर

हुसैनमियाँ भोक शिवायला चाळीस मिनिटं खाली होते. वर आले, मुखवटा काढला, बोटीच्या काठावर बसले. मी न विचारताच त्यांनी जाळं शिवायची सुई दाखवली.

"गाठीला दोन वेढे घ्यायचे. शेपूट बोटभर सोडायची. काळोखात हात फिरवला की माझी शिवण मला कळते. तुमच्या माशाला हात नाय ना!"

ड्रोनला ते मासा म्हणतात. हसले, मग तो मांडीवर ओढून घेतला.

"डावीकडे कलतो हा. बघू?"

डाव्या पंख्यात सुईच्या टोकाने बराच वेळ काही उकरत होते. माझ्या कानाला फोन. जयप्रकाश — रिपोर्ट कुठाय, रिपोर्ट कुठाय.

"आता नाय कलणार," म्हणाले. पण जागचे हलले नाहीत. "काय सांगायचं असलं तर सांगा, बाय."

"काय?"

"काय नाय. चहा उरलाय काय, विचारत होतो."

थर्मास पुढे केला. त्यांनी अर्धाच कप घेतला.

९ नोव्हेंबर

लिहिलं. 'कड सरळ आहे. धारदार हत्याराची शक्यता नाकारता येत नाही.'

नऊ वेळा वाचलं. खोटं काही नाही त्यात. एकही शब्द नाही!

पाठवलं.

१० नोव्हेंबर

अर्बाब, आमचे ओमानी मालक, स्वतः खाबुऱ्याच्या किनाऱ्यावरच्या शेडवर आले. हुसैनमियाँना उभं केलं. माझं वाक्य जयप्रकाशने अरबीत वाचून दाखवलं. अरबीत 'शक्यता' राहिली की गळली, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

हुसैनमियाँ एवढंच म्हणाले, "वीस वर्षं जाळी शिवली, अर्बाब. कापायला हात कसा जाईल?"

"खलास," जयप्रकाश म्हणाला. गुरुवारचं तिकीट. मस्कतहून दुपारी दोनला. व्हिसा रद्द.

जाताना हुसैनमियाँनी मला सलाम केला. रोजच्यासारखाच. तेच सहन होत नाही.

११ नोव्हेंबर

रविवारची चित्रफीत अजून उघडलेली नाही. बाजू कोणती होती, ते तिच्यात असणार.

१२ नोव्हेंबर

नाही उघडली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ड्रोनची पेटी उघडली. सुट्या पंख्यांच्या खोबणीत हिरवा दोरा. कुरतडलेला, ग्रीसने काळवंडलेला. हिरवं जाळं आठ पिंजऱ्यांत एकाच पिंजऱ्याला आहे, तीन नंबरच्या.

दोऱ्याला गाठ. दोन वेढे, शेपूट बोटभर.

म्हणजे आठ तारखेपासून त्यांना ठाऊक होतं. अर्बाबसमोर खिशातून काढून दाखवला असता तरी पुरे होतं. माझ्या पेटीत ठेवला.

रविवारची चित्रफीत न बघताच पाठवली. अर्बाबना, जयप्रकाशला. सोबत एक ओळ: जाळं मी फाडलं.

नऊ वाजलेत. विमान दोनचं.