आईच्या नावावरच्या ठेवी

बाबा,

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी चारचौघांत कधी बोलले नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझं झालंय. जिवंतपणी तुम्हाला उलट उत्तर चालायचं नाही. आता ऐकून घ्यावंच लागेल.

एप्रिलातली ती दुपार आठवते. माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली आहे. आई स्वयंपाकघरात फणस फोडून बसली आहे, हाताला चीक लागू नये म्हणून कोपरापर्यंत खोबरेल चोपडलंय. तुम्ही पंपांच्या दुकानातून जेवायला आलात ते खिशातून बँकेचा फॉर्म काढतच. माझं उत्पन्न कर लागण्याइतकं नाही, तेव्हा माझ्या ठेवींच्या व्याजातून कर कापू नका, असं त्यावर लिहिलेलं असायचं आणि खाली आईची सही. दरवर्षीचंच काम. तिने घाईने हात पदराला पुसले, तरी कागदाला तेलाचा डाग पडलाच. "एक सही करायची, ती पण धड नाही जमत," तुम्ही म्हणालात. आईने पेन तसंच हातात धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याकडे काही मागितलं. "माझ्या नावावर एवढे पैसे हायत, तर त्यातले थोडे पोरीला द्या. पुण्याला जाऊन सीए व्हायचा म्हणते ती." तुम्ही हसलात. ओटीवर बसलेल्या दादालाही ऐकू जाईल इतकं मोठ्याने हसलात. "नाव तुझा असला म्हणून पैसे काय तुझे झाले? टॅक्स वाचवायला नाव लागतंय, म्हणून तुझा लावला." आईने सही केली. शिकायला नाही म्हणालात त्याचा राग केव्हाच गेला. त्या हसण्याचा गेलेला नाही.

मी इथेच बीकॉम केलं, एका कर सल्लागारांकडे उमेदवारी केली, आणि आज माळनाक्यावर माझं स्वतःचं ऑफिस आहे. लोकांची विवरणपत्रं भरते. तुमची कारागिरी मला तिथे बसून उलगडली. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, म्हणून दुकानाची रोकड तुम्ही आपल्या आंब्याच्या बागेच्या नावावर दाखवायचात. आपली कलमं एक वर्षाआड धरणारी. पण कागदावरची दरवर्षी लगडलेली असायची. ज्या साली तुडतुड्याने मोहोर पार करपून गेला आणि घरात खायला धड आंबा नव्हता, त्या सालीसुद्धा तुम्ही पेट्यांवर पेट्या विकल्यात! आणि वर गावात तत्त्वाच्या गोष्टी सांगायचात.

बायकोच्या नावाने ठेवी ठेवल्या की कर वाचतो, ही तुमची दुसरी हुशारी. ती तर सपशेल चूक होती. नवऱ्याने बायकोला पैसे दिले, तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं, असा नियम आहे. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले. तुम्ही हसत हसत बोललात तेच कायदाही म्हणत होता, फक्त कर तुम्ही भरायला हवा होता. त्यानंतर तुम्हाला नोटीस यावी म्हणून मी मनापासून वाट पाहिली. तुम्ही कागद घेऊन माझ्यासमोर खुर्चीत बसाल, काय करू म्हणून विचाराल, आणि मी तुम्हाला थोडा वेळ तसंच बसवून ठेवीन, हे मी कितीदा तरी मनात रंगवलं होतं. नोटीस आली नाही. झोपेतच गेलात, सुटलात.

पण त्याच नियमाची दुसरी बाजू तुम्हाला ठाऊक नव्हती. नवरा गेला की व्याज असं त्याच्या उत्पन्नात धरणं संपतं. तुम्ही डोळे मिटलेत त्या दिवसापासून ते व्याज आईचं एकटीचं झालं. तुमच्या बाराव्याला पाहुणे उठल्यावर दादा म्हणाला, "बाग नि दुकान मी बघतोच हाय, बाबांच्या ठेवी पण आता मीच बघतो." मी म्हटलं, "बाबांच्या कुठल्या? त्यांच्या नावावर एक नाही. आहेत त्या आईच्या."

"अगो, पण पैसे बाबांचे ना?"

"तसं लिहून दे. म्हणजे इतक्या वर्षांच्या व्याजावरचा कर बाबांनी बुडवला असं होईल. बाग नि दुकान तुझ्याकडे आलंय, तेव्हा वसुलीही तुझ्याकडेच येईल."

दादाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. अगदी तुमच्यासारखा दिसतो तो. तेव्हा तर हुबेहूब तुम्हीच समोर बसलायत असं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तेव्हापासून आई बँकेत एकटी जाते. मला पायरीखाली उभी करते आणि फॉर्म स्वतः वाचून सही करते. आंब्याची पहिली पेटी ती दादाकडून विकत घेते, त्यातही घासाघीस करते. सुनेने फुकट देऊ केली तर रागावते. तिला असं बघताना मला वाटायचं, फिटलं सगळं.

परवा मात्र ती म्हणाली, "दादा बागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचा म्हणतोय. देऊन टाकूया गो त्याला सगळे. मला आता काय करायचाय?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. "आई, मुलाला दिलेस तर भलामोठा कर बसेल. निम्मे सरकारच नेईल."

"मग नको गो बाई," ती म्हणाली आणि विषय मिटला.

बाबा, असा कर नाही. आईने मुलाला पैसे दिले तर तिलाही काही लागत नाही, त्यालाही नाही. माझ्या ऑफिसात काल लागलेली मुलगीसुद्धा हे सांगेल. अशिलांना मी कधी खोटं सांगत नाही. आईला सांगितलं, आणि तिने पुढे एक शब्द विचारला नाही.

हे पत्र लिहून झालं की फाडणार आहे. तुमच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही, पण आई चष्मा लावून अजून हाताला लागेल ते वाचते. तिला खरं सांगायला हवं. पैसे तिचे आहेत, तेव्हा ते उधळायचा हक्कही तिचाच, अगदी दादावरसुद्धा. रोज सकाळी सांगायचं ठरवते, आणि चहा घेऊन ऑफिसला निघून जाते. कारण ती "नको" म्हणाली तेव्हा मला फार बरं वाटलं.