दगडानं वाजवलेली घंटा

बपेरा,
रविवार, २१ सप्टेंबर, दुपारी

प्रिय हर्षा,

तू बरी असशील. मंगेशदादाला परवा नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं हे समजलं. तुझ्या आईच्या डोळ्याला आता डोळा लागत असेल. मी बरा आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. फोनच केला असता, पण फोनवर तू रडशील आणि मी अर्ध्यात फोन ठेवीन.

दहा ऑगस्टच्या सकाळी साडेआठला आजीनं प्रार्थनाघराची घंटा दगडानं वाजवली, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. तू म्हणशील, आजी गेली बारा सप्टेंबरला, मग दहा ऑगस्ट कुठून आला? सांगतो. थोडं फिरून सांगतो, सरळ सांगायची हिंमत नाही.

आमची घंटा तू पाहिली आहेस. मोहाच्या झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, आणि तो वाजवायला फांदीला अडकवलेला हातभर लोखंडी गज. आजीशिवाय त्या गजाला कोणी हात लावायचं नाही. छिंदवाड्याकडच्या लुथरन मिशनमध्ये ती वाढली, तिथंच सुईणीचं काम शिकली, आणि एकोणिसाव्या वर्षी डोंग्यात बसून नदीच्या या पार नवरी होऊन आली. पेटीत बायबल, गाण्यांचं पुस्तक आणि नाळ कापायची कात्री. चौतिसाव्या वर्षी आजोबा गेले. माहेरचे न्यायला आले तर म्हणाली, इथं तीन बाया दिवसांत आहेत, त्या मोकळ्या झाल्या की पाहू. गावात बाया दिवसांत असणं काही थांबलं नाही, आणि ती काही गेली नाही.

गावानं तिला सलोमीबाई कधी म्हटलंच नाही, नर्सबाईच म्हटलं. एका पुरात तिचं घर बसलं, तरी रविवारी घंटा झाली. आमची ख्रिस्ती घरं पाचाची दोन झाली, नोकऱ्यांपायी. कित्येक रविवारी आत ती एकटीच. मी एकदा चिडून विचारलं, कोण येते म्हणून तू वाजवतं? म्हणाली, "वाजवणं माह्यं काम. येणं ज्याचं त्याचं." बोलायची आपल्यासारखी, प्रार्थना मात्र शेवटपर्यंत हिंदीत.

तुमसरचं कॉलेज सोडून आलो तेव्हा मी घरी सांगितलं, बसचं जमत नाही. खरं तर लॅबमध्ये सरांच्या अंगावर धावून गेलो होतो. आणि धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तू इकडं शेतातल्या बांधीत, मी तिकडं बेंचवर, हे तसंही सोसत नव्हतं. आजीनं सगळं ऐकून घेतलं. "तुले राग लवकर येते, शमू, आन् लाज उशिरा." एवढंच बोलली.

आता नऊ ऑगस्ट. राखीचा दिवस. दिवस बुडताना मी मोहाखाली एकटा होतो. मंगेशदादा मोटारसायकलनं आला. तुझ्या-माझ्याबद्दल त्याला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणाला, "तुह्या आजीनं आमच्या नाळा कापल्या, म्हून तू आमच्या घरात घुसशील का?" आणखीही बोलला, आजीबद्दल, तिच्या देवाबद्दल. ते लिहीत नाही. मग तो जायला वळला. पुढचं गावाला माहीत आहे, की गाडी चिखलात घसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी घंटा वाजवायला आली. फांदीवरून हात फिरवला. गज नव्हता. खाली पाहिलं. मातीत काहीतरी बराच वेळ पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. मग दगड उचलला. दगडाचा आवाज मंद येतो, हर्षा. गावात कोणाच्या ध्यानातही आलं नसेल. माझ्या दातांत तो अजून वाजतो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती मला शेजारी बसवून मंगेशदादाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. पायाळू होता तो, सांगायची, माह्या हातात आधी पाय आले.

चोवीस ऑगस्टला पाळकसाहेब आले. चार आठवड्यांनी एकदा येतात, तेव्हाच आमचं प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरस. आजीचा नियम असा, की कोणाशी वाकडं असेल तर आधी त्याच्या दारी जाऊन यायचं, मगच भाकरीला हात लावायचा. शेजारच्या कुंताबाईशी पाण्यावरून बोलाचाली झाली होती तेव्हा पाळकांना थांबवून आजी तिच्या दारी जाऊन आली होती. त्या दिवशी मी भाकर घ्यायला उठलो. तिनं माझी बाही धरली आणि मला खाली बसवलं. मला वाटलं, आता ही तरी उठेल. ती उठली नाही. पाळकसाहेब हातात भाकर घेऊन वाट पाहत राहिले. सत्तर वर्षांत पहिल्यांदा ती न घेता बसून राहिली, माझ्या बाहीला धरून. पुढच्या खेपेला घेऊ, असं तिला वाटलं असेल. मलाही वाटलं.

बारा तारखेच्या दुपारी तिला श्वास लागला. बाबा भिलाईहून निघाले होते, जवळ मी एकटा.

"गज कुठी आहे?"

मी म्हणालो, हरवला.

"हरवला का टाकला?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"भेव वाटते?"

हो म्हणालो.

"मलेही वाटे. हर बाळंतपणात वाटे. म्हून का दारातून वापस यायचं?"

त्यानंतर ती हिंदीत बोलली. ते माझ्याशी नव्हतं.

आमच्यात माणूस गेलं की जितकी वर्षं तितके टोले देतात. एकोणनव्वद. सगळ्यांनी गज शोधला, बाबांनी वळचणीला, कुंताबाईनं गवतात. मीही शोधत फिरलो, जिथं तो नाही हे मला माहीत होतं तिथं. शेवटी दगडानंच दिले, मीच. चाळिसाच्या पुढं दगड फुटला. दुसरा घेतला.

आणि परवा तुझी मामेबहीण खुशबू तुझी चिठ्ठी घेऊन आली. तीत होतं, मंगेशदादा म्हणते, नर्सबाईच्या नातवाले नाही नाही ते बोललो म्हून पडलो, त्याले सांग माफी दे. खाली तू लिहिलंस, आता घरचे ऐकतील, शमू. या ओळीसाठी मी दोन वर्षं तरसलो. वाचली आणि चिठ्ठी आजीच्या बायबलात दडवली.

गाडी घसरली नाही. तो पाठ करून गाडी सुरू करत होता. मी गज काढला आणि त्याच्या डोक्यात मारला. मागून. समोरून नाही, मागून. पडताना त्याचा उजवा हात वर आला, त्यावर तू सकाळी बांधलेली राखी होती. तोच हात आता हलत नाही. मी पळालो, गज तळ्यात फेकला. लोकांनी त्याला उचललं तेव्हा मी त्या लोकांत होतो. त्याचे पाय मी धरले होते.

आधी भीती वाटायची, की त्याला आठवेल. आता वाटते की कधीच आठवणार नाही. आपलं लग्न होईल. दर राखीला तू तो हात उचलून मांडीवर घेशील आणि राखी बांधशील, आणि मी बाजूला बसून पाहत राहीन.

काल तळ्यात उतरलो. चौथ्या बुडीला गज सापडला. आजीच्या लुगड्याच्या फडक्यात बांधून समोर ठेवला आहे. आज सकाळी पाळकसाहेब आले होते. मी जागचा उठलो नाही. बाही धरायला कोणी नव्हतं.

हे पत्र खुशबू तुला देईल. तू वाचशील तोवर मी तुमच्या अंगणात असेन. तिथून जिता निघालो तर सिहोऱ्याच्या ठाण्यात. दार तू उघडू नको. मंगेशदादाला उघडू दे, डाव्या हातानं का होईना.

खाली "तुझा" लिहिलेलं नाही. ते आता तू ठरव.

गज काखेत घेतला. उठतो. दार ओढून बाहेरून कडी घालतो.

नर्सबाईचा नातू,
शमुवेल